शुक्रवारचा धोंडा

बसा पाव्हनं, त्या गोल धोंड्यावर बसा. तुमचा दोस्त टेकंल बाजूच्या धोंड्यावर. दम खावा जरा. आन् वर बघा. सोंडागडाला तीन अंगांनी तट कसा काळाकुट्ट उभा हाय, चिऱ्याच्या फटीत अजून नख शिरत न्हाई. आन् मावळतीच्या अंगाला? दात पडल्यावानी बोडकं. त्याच बोडक्याच्या खाली, दरीत, ह्यो धोंड्यांचा ढीग. वर सरकारनं पाटी लावलीय, शत्रूच्या तोफांनी तट पाडला म्हनून. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावी. आपल्याला येत न्हाई, म्हनून तर आपल्याला खरं ठाऊक हाय.

तट शत्रूनं न्हाई पाडला. खालच्या पेठेनंच पाडला, आन् तोबी पोटासाठी. आसं सांगत्यात.

लई जुनी गोष्ट. तवा गडावर तीनशे मानसांची शिबंदी व्हती. वर तीनशे तोंडं, म्हंजे खाली पेठेत तेवढ्या चुली. घोड्यांना गवत कापनाऱ्या बाया, पखाली शिवनारं, मशालीला तेल गाळनारं, शिपायांच्या बायकांना बांगड्या भरनारी बयाक्का कासारीन. गडाला शिंक आली की पेठ नाक पुसायची, म्हनं.

आन् शुक्रवारी बाजार. कासराभर दिवस वर आला की मावळतीच्या बुरजावरनं दावल गोलंदाज थोरली तोफ उडवायचा. एकच बार. समोरच्या खिंडीत लमानांची बैलं मिठाच्या आन् धान्याच्या गोन्या घिऊन उभी असायची. तिथनं दोन वाटा फुटत्यात. एक आमच्या पेठेत उतरती, दुसरी पल्याडच्या राजाच्या मुलखात, नांदोशीच्या बाजाराला. तोफ वाजली म्हंजे गड जागा हाय, वाट राखलीय, लूट व्हनार न्हाई. मग लमानांचा नाईक काठी खाली करायचा आन् घुंगरं वाजवीत सगळी बैलं आमच्याकडं वळायची.

ह्या दावलचा बाप गोलंदाज, आजा गोलंदाज. डावा कान त्यानं तोफेलाच वाहिलेला. बायको गडाच्या पायथ्याला चिंचेखाली पुरलेली. त्याला दुसरं गाव नव्हतं.

मग एक दिस हुजुरातनं वर्दी आली, पल्याडच्या राजाशी तह झाला, आता लढाई न्हाई. पेठेनं साखर वाटली. महिन्यानं दुसरी वर्दी आली, लढाई न्हाई तर शिबंदी कशाला? तीनशेतली वीस मानसं ठिवा, बाकीच्यांना घरी धाडा. तवा पेठेला कळलं की आपन आपल्याच तेराव्याची साखर वाटली.

घोडी गेली, गवतवाल्या बसल्या. शिपाई गेलं, त्यांच्या बायका गेल्या, बांगड्या पेटीतच ऱ्हायल्या. बारूद गेली. थोरली तोफबी बैलं जुपून नेली आन् गोलंदाजाला तेवढं मागं ठिवलं. नवरी नेली आन् करवला ठिवला, म्हना.

पयला शुक्रवार मुका गेला. खिंडीत बैलं उभी ऱ्हायली, नाईकानं कान दिला, आन् सगळा तांडा नांदोशीकडं निघून गेला. बाजारात त्या दिशी फकस्त कुत्री फिरत व्हती. दुसरा शुक्रवारबी तसाच. तिसऱ्याच्या आदल्या दिशी बयाक्का गडाच्या दारात आली. खाली तिचा बैल पेट्या लादून उभा.

"चालले बाबा दावलभाई नांदोशीला. हितं बांगड्या भरू कुनाला? तुला?"

"भर की. पन फुटतील. बारुदीचा हात हाय माझा."

"बारूद ऱ्हायलीय कुठं? निस्ता हातच ऱ्हायलाय."

ते दावलला लागलं. तो म्हनला, "उद्याच्या बाजारापुरती थांब, बयाक्का."

"कशाच्या जिवावर थांबू? तू तोंडानं धडाम म्हननार हायस का?" आसं म्हनली खरं, पन बैल सोडून चिंचेला बांधला.

दुसऱ्या दिशी कासराभर दिवस वर आला. दावल रिकाम्या बुरजावर उभा. समोर खिंडीत बैलं. नाईकाची काठी नांदोशीकडं वळाय लागली. दावलनं ते बघितलं. त्यानं रागारागानं कठड्याचा एक निखळलेला धोंडा खांदा लावून ढकलला. जसं कुनी जाताना भांडं आपटतं, तसा.

आता ही दरी बघा, खाली कपार पोकळ हाय. धोंडा तिच्या तोंडावर पडला आन् धडाम! तिन्ही डोंगरांनी ती हाक उचलली. दावलला ती कानानं न्हाई, छातीनं ऐकू आली. आन् समोर नाईकाची काठी खाली झाली. घुंगरं पेठेकडं वळली.

बयाक्कानं पेट्या उतरवल्या. दावलनं बायकोच्या कबरीवर हात ठिवून शब्द दिला, "मी जिता हाय तवर शुक्रवार मुका जानार न्हाई."

शब्द देनं सोपं असतं, धोंडं मोजकं असत्यात. निखळलेलं संपलं, तसा दावल पहार घिऊन तटाला भिडला. गडाचा हवालदार दमाजीराव धावत आला.

"दावल, गडाचा चिरा जो हलवील त्याचा कडेलोट. हुजूरचा कायदा हाय. ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक हाय, सरकार. पन तुमच्या वीस मानसांची भाकरी खालच्या बाजारातनं येती. बाजार मोडल्यावर तट चावनार का?"

दमाजीराव पाठ फिरवून निघून गेला. तवापासनं दर शुक्रवारी त्याची मान उगवतीकडं आखडायची, म्हनं. बाकीच्या दिशी एकदम बरी.

आशी बारा वर्षं गेली. दर शुक्रवारी एक धोंडा. दावलला कळत नव्हतं आसं न्हाई. गड मजबूत हाय म्हनून हाक द्यायची, आन् दर हाकंला गड एका चिऱ्यानं उना व्हायचा. पहार खाली ठिवून तो लई येळ त्या भगदाडाकडं बघत बसायचा. मग खालनं बाजाराचा कालवा वर यायचा, आन् तो उठून पुढच्या शुक्रवारचा चिरा ढिला कराय लागायचा.

बाराव्या वर्षी हुजुरातनं कारकून आला. पेठेची जकात वाढवायला आलेला, गुरुवारी गड बघाय वर चढला. तटाच्या जागी आभाळ दिसलं तसा वरडला, "ह्ये कुनी केलं?"

दमाजीरावाची मान गुरुवारीच आखडली. दावल पुढं झाला. "मी."

"उद्या सकाळी हितनंच कडेलोट."

शुक्रवारी सगळी पेठ वर आली. दावलचं हात मागं बांधलेलं. बयाक्का कारकुनाच्या म्होरं जाऊन उभी ऱ्हायली. "मलाबी ढकला त्याच्यासंगं. माझं दुकान त्याच्या धोंड्यांवर उभं हाय."

कारकून म्हनला, "बाजूला हो, बाई."

कासराभर दिवस वर आला. धोंडा काय पडला न्हाई. खिंडीत शंभर बैलं उभी, घुंगरं गप. दावल कारकुनाकडं बघतच नव्हता. त्याचा डोळा नाईकाच्या काठीवर. काठी हळूहळू नांदोशीकडं वळली.

"ती बैलं कुठं चालली?" कारकुनानं इचारलं.

"पल्याडच्या राजाकडं, सरकार. जकातबी तिकडंच चालली."

"मग थांबीव की त्यांना!"

"हात बांधल्यात, सरकार. तो समोरचा चिरा ढिला करून ठिवलाय. निस्ता ढकलायचा."

कारकुनानं शिपायाकडं बघितलं. शिपाई गाठ सोडाय लागला, गाठ काय सुटंना. आन् तिकडं पयला बैल नांदोशीच्या वाटंला लागला. तसा कारकुनानं धोतराचा काचा मारला, पागोटं दमाजीरावाच्या हातात दिलं, आन् सोताच खांदा लावला.

धडाम!

बैलं वळली. कारकून खांदा चोळाय लागला. बयाक्का म्हनली, "लागलं का वो खांद्याला? आन् आता कडेलोट कसा करायचा, आधी तुमचा का आधी त्याचा?"

कारकुनानं खाली दरीत वाकून बघितलं. मग त्यानं दावलचं हात सोडाय लावलं, दौत मागितली, आन् कागदावर लिहिलं की शत्रूच्या तोफांनी तट पाडला. तीच तुमची ती पाटी.

दावल म्हातारा हून अंथरुनात मेला. तवर त्या अंगाला एकबी चिरा ऱ्हायला नव्हता. जाताना बयाक्काला म्हनला, "वरचं संपलं तर खालचं वर न्या." त्याला चिंचेखाली बायकोशेजारी ठिवला. त्याच्या फुडच्या शुक्रवारी पयला धोंडा बयाक्कानं डोक्यावर वर नेला, म्हनं.

आता खिंडीत बैलं न्हाईत. टरक जात्यात काचा वर करून, त्यांना काय ऐकू यायचंय? खालच्या बाजारात सात-आठ बाया भाजी घिऊन बसत्यात, बास. पन आजही दर शुक्रवारी एका घरानं ह्या ढिगातला एक धोंडा वर न्यायचा आन् बुरजावरनं सोडायचा. ती हाक आल्याबिगर पेठेत कुनी तराजू उचलत न्हाई. त्या बाया बघा, कवाच्या हात बांधून बसल्यात.

आज पाळी आमच्या घरची हाय. आन् हे गुडघं आसं झाल्यात. तवा पाव्हनं, दम खाऊन झाला आसंल तर उठा. तुमी ज्याच्यावर बसलाय, तोच आजचा धोंडा. एका बाजूनं तुमी धरा, एका बाजूनं तुमचा दोस्त. मी म्होरं चालतो, वाट दावायला.