चिंचोके आणि लाल गुंजा

फार जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात एक कुंभारीण राहत होती. एका वर्षी तिला साधी सर्दी झाली. सर्दी गेली, पण हाताची बोटं सुजून बसली. चाक थांबलं, आणि घर त्या चाकावरच चालत होतं.

गावचा वैद्य भला माणूस. तो म्हणाला, अंगातले रखवालदार शत्रू गेल्यावरही लढत सुटलेत आणि स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडलेत. त्याने रखवालदारांना झोपवणारं जालीम औषध दिलं. सूज उतरली, पण आता येईल तो ताप, येईल तो खोकला कुंभारणीला धरू लागला. औषध थांबवलं की सूज पुन्हा हजर.

त्याच गावात एक गणिती बाई होत्या. त्यांनी कुंभारणीला सगळं विचारून घेतलं आणि अंगणात चिंचोके मांडले. चिंचोका म्हणजे रखवालदार, आणि प्रत्येकाने आणखी सोबती बोलवायचे, हा नियम. अंगण भरलं आणि भरतच गेलं. या वयात चिंचोके खेळतात म्हणून गाव हसलं. बाई मात्र एकाच प्रश्नाशी अडल्या होत्या. बाकीच्यांची सूज आपोआप उतरते, ती कोण उतरवतं?

मग त्यांनी लाल गुंजा आणल्या. रखवालदारांची गर्दी झाली की त्या गर्दीनेच गुंजांना बोलवायचं, आणि गुंजांनी रखवालदारांना घरी पाठवायचं. आता अंगण भरलं आणि आपलं आपण रिकामं झालं. फार देखणं होतं ते. गुंजा कमी ठेवल्या तर मात्र अंगण भरलेलंच राहिलं, थेट कुंभारणीच्या बोटांसारखं.

त्यांनी वैद्याला बोलावलं आणि औषध म्हणून अंगणातून एक मूठ उचलायला सांगितलं. त्याच्या मुठीत चिंचोके आले, तशा होत्या नव्हत्या त्या गुंजाही आल्या. उरलेल्या चिंचोक्यांना आवरायला कोणी राहिलं नाही. अंगण पुन्हा भरलं.

वैद्य मुठीकडे पाहत राहिला. ते औषध त्याच्या आजोबांचं होतं, त्यावरच त्याचं नाव होतं. "म्हणजे शांत करणाऱ्यांनाही मीच झोपवत होतो," तो म्हणाला.

"हा चिंचोक्यांचा हिशेब झाला," बाई म्हणाल्या. "माणसाच्या अंगात तो खरा ठरतो का, ते तुम्हीच बघायचं."

वैद्याने जालीम औषध बाजूला ठेवलं आणि शांत करणाऱ्यांना बळ देणारा सौम्य काढा थोडा थोडा सुरू केला. सूज लगेच गेली नाही. कुंभारणीने धीर धरला. हिवाळ्यात तिला पुन्हा सर्दी झाली, ताप चढला, बोटंही थोडी सुजली, आणि मग सगळं आपोआप उतरलं.

ती वैद्यासमोर हात जोडून उभी राहिली. बोटं सरळ जुळली होती.

"हात गणिती बाईंना जोड," वैद्य म्हणाला. "तुझ्या अंगाला लढता येतं तसं थांबताही येतं. मला मात्र नुसतं लढणंच दिसत होतं."

तात्पर्य: राखण करणारे हवेतच, पण त्यांना वेळेवर घरी पाठवणारेही तितकेच जपावेत.