चंद्राक्काची उधारी

निंबगावच्या पेठेत चंद्राक्काची खानावळ होती. वाणी, गवळी, वखारवाला, भाजीवाली आणि भांडीवाला अशा पाच जणांची उधारी तिच्या डोक्यावर होती. पाचही जण दुपारी तिच्याकडेच जेवायचे आणि जेवणाचे पैसे उधारीत वळते व्हायचे.

एके दिवशी त्रिंबकशेठ सावकार ऐन पंगतीत पाटावर येऊन बसले.

"आक्का, पाच जणांची तोंडं कशाला बघतेस? मी एकरकमी पैसे देतो, सगळ्यांचं फेडून टाक. मग देणं मला एकट्यालाच, डोक्याला ताप नाही. फक्त खानावळीच्या जागेचा कागद माझ्याकडे गहाण ठेव."

आक्कानं हसून शेठच्या ताटात भाकरी वाढली.

"शेठ, तुम्ही किती जणांना कर्ज दिलंय?"

"चाळीस!" शेठनी मिशीला पीळ दिला.

"अगंबाई! चाळीस उंबरे झिजवता? मग असं करा, सगळ्यांकडून वसूल करा आणि ती रक्कम मला एकटीला कर्जाऊ द्या. तुमचाही ताप जाईल."

शेठनी हातातला घास ताटात ठेवला. "खुळी की काय! सगळं एकाच्याच हातात देऊ? उद्या तुझी नियत फिरली तर?"

"मीही तेच म्हणते, शेठ. माझी चूल तुमच्या एकट्याच्या हातात दिली आणि उद्या तुमची नियत फिरली तर?"

हसता हसता गवळ्याला ठसका लागला. शेठ तणतणत उठू लागले.

"बसा हो, पोटभर जेवा," आक्कानं आमटीची वाटी पुढं सरकवली. "या पाचांचं जेवण उधारीत वळतं होतं, तुमचं तेवढं रोख!"