झुबकी खार आणि खोबऱ्याची अख्खी वाटी

घाटावर होतं सावरीचं झाड. झाडात होती ढोली. ढोलीत राहायची झुबकी खार.

झुबकीचं एक पिल्लू होतं. इवलंसं, गुलाबी नाकाचं. त्याचं नाव गोंडू.

गोंडू आजवर फक्त दूध प्यायचा. दोन दिवसांनी त्याची उष्टावण होती. उष्टावण म्हणजे बाळाचा पहिला घास. सावरीवरची रीत अशी, की पहिला घास खोबऱ्याचा. बाळाला एक घास. आणि झाडावरच्या सगळ्या पिल्लांना एकेक घास. त्याला अख्खी वाटी लागते.

झुबकीने ओंजळभर शेंगा घेतल्या. निघाली बाजारात. तुरुतुरु, तुरुतुरु.

बाजारात बसला होता साळू वाणी. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण स्वभावाने बरा.

"वाणीदादा, वाणीदादा, या शेंगा घ्या. खोबऱ्याची वाटी द्या."

साळूने शेंगा घेतल्या. खोबरं दिलं. एवढंसं. नखाएवढं.

झुबकीने ते उलटं करून पाहिलं. सुलटं करून पाहिलं.

"वाणीदादा, बाकीची वाटी कुठे गेली?"

"एवढंच मिळतं आता."

"मागच्या खेपेला अख्खी मिळाली होती. शेंगा तेवढ्याच होत्या."

"तेव्हा गाढव गोणी भरून आणायचं. आता आणतं अर्धी. गोणी अर्धी, म्हणून वाटी छोटी. गाढवाने गोणी भरून आणली, तर अख्खी वाटी देईन. नाहीतर नाही."

झुबकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "माझ्या शेंगा ठेवा. खाऊ नका हं."

"नाही खात," साळू म्हणाला. आणि एक खाल्ली. कुटुम.

झुबकी गेली गाढवाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"गाढवभाऊ, गाढवभाऊ, गोणी भरून आणा.
वाणी वाटी देईना,
बाळाची उष्टावण होईना."

गाढवाने कान हलवले. फडफड, फडफड.

"मी नाही आणत. घाट चढून माझी पाठ दुखते. वर आलो, की कासव काठी आडवी टाकतं. खट्ट. अर्धं खोबरं काढून घेतं. मग भरून कशाला आणू? कासवाने काठी उचलली, तर आणीन. नाहीतर नाही."

झुबकी गेली कासवाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

घाटाच्या तोंडाशी नाका होता. नाक्यावर होती लांबलचक काठी. काठीपाशी होतं कासव.

"कासवकाका, कासवकाका, काठी उचला.
गाढव गोणी आणीना,
वाणी वाटी देईना,
बाळाची उष्टावण होईना."

कासवाने मान बाहेर काढली. हळू... हळू... हळू.

"मी नाही उचलत. पाटलाने सांगितलं, काठी टाक. मी टाकली. पाटलाने हुकूम दिला, तर उचलीन. नाहीतर नाही."

आणि मान आत घेतली. हळू... हळू... हळू.

झुबकी गेली पाटलाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

पाटील म्हणजे मोठा काळा रेडा. डबक्यात बसला होता. फुर्र, फुर्र.

"पाटीलबाबा, पाटीलबाबा, हुकूम द्या.
कासव काठी उचलीना,
गाढव गोणी आणीना,
वाणी वाटी देईना,
बाळाची उष्टावण होईना."

"कुणाचं बाळ?" पाटलाने विचारलं.

"माझं. गोंडू."

"गोड आहे का?"

"खूप."

"असेल, असेल. पण मी हुकूम नाही देत. तित्तीरआजी माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, खोबरं एवढं आलं, तर माझे तीळ कोण घेणार? म्हणून मी काठी टाकायला लावली. खोबऱ्याचा ढीग पडलाय माझ्या कोठीत."

"मग ते खाता का तुम्ही?"

"छे. दातात अडकतं. आजीने होकार दिला, तर हुकूम देईन. नाहीतर नाही. फुर्र."

झुबकी गेली आजीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

तित्तीरआजी अंगणात बसली होती. मागे गाडगी, पुढे गाडगी. सगळी तिळाने भरलेली. काठोकाठ.

"तित्तीरआजी, तित्तीरआजी, होकार दे.
पाटील हुकूम देईना,
कासव काठी उचलीना,
गाढव गोणी आणीना,
वाणी वाटी देईना,
बाळाची उष्टावण होईना."

आजीने पंख झटकले. फडक.

"मी नाही देत. आधी माझे तीळ जाऊ देत."

"काठी तर पडलीय, आजी. मग तीळ गेले का?"

आजीने मान वळवली. गाडग्याकडे बघत बसली.

"नाही गेले," ती हळूच म्हणाली. "एक दाणा नाही गेला. इथे ज्याच्या त्याच्या दारात तीळ. माझे कोण घेणार? माझे तीळ कुणी घेतले, तर होकार देईन. नाहीतर नाही."

झुबकी खाली बसली. आता जायचं कुणाकडे?

वाणी झाला. गाढव झालं. कासव झालं. पाटील झाला. आजी झाली. वर सगळे संपले.

मग घाटाखाली कोण राहतं?

झुबकी उठली. "आजी, थोडे तीळ दे. मी विचारून येते."

"कुणाला विचारतेस, पोरी?"

"ते तिथे गेल्यावर कळेल."

तिने या गालात तीळ भरले. त्या गालात तीळ भरले. गाल झाले टम्म. आणि निघाली. काठीखालून सुळकन. कासवाला कळलंसुद्धा नाही. घाट उतरली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

खाली होता समुद्र. समुद्राकाठी माड. माडाखाली नारळच नारळ. नारळांत बसली होती खेकडामावशी. तिच्याभोवती तिची सतरा पिल्लं.

"खोबरं नको," पहिलं म्हणालं.

"सकाळी खोबरं," दुसरं म्हणालं.

"दुपारी पण खोबरं," तिसरं म्हणालं. "आई, कंटाळा आला."

झुबकीने गालातले तीळ पानावर ठेवले. मग म्हणाली,

"खेकडामावशी, खेकडामावशी, तीळ घे.
आजी होकार देईना,
पाटील हुकूम देईना,
कासव काठी उचलीना,
गाढव गोणी आणीना,
वाणी वाटी देईना,
बाळाची उष्टावण होईना."

मावशीने एक तीळ उचलला. चिमट्यात धरला. चाखला. कुर्रुम.

पिल्लांनी एकेक चाखला. कुर्रुम, कुर्रुम, कुर्रुम. पान रिकामं झालं.

"आमच्याकडे हे पिकत नाही गं," मावशी म्हणाली. "गोणी भरून पाठव. मी घेते. आणि ही वाटी घे. बाळाला ने."

झुबकी वाटी उचलायला गेली. उचलेना. वाटी होती झुबकीएवढी. ओढली. ढकलली. धपकन. झुबकी वाटीतच पडली.

सतरा पिल्लं हसली. झुबकीपण हसली.

मावशी म्हणाली, "याला गाढवच पाहिजे. रोज येतं ते. वरून येताना रिकामं येतं. तीळ घेऊन येऊ दे. खोबरं घेऊन जाऊ दे."

झुबकी घाट चढली. धापा टाकत चढली.

"आजी, मावशीला तीळ हवेत. गोणी भरून हवेत."

"माझे तीळ?" आजी म्हणाली. "माझेच?"

"तुझेच. पिल्लांनी पान चाटून ठेवलं."

मग काय झालं?

आजीने होकार दिला. फडक.
पाटलाने हुकूम दिला. फुर्र.
कासवाने काठी उचलली. हळू... हळू... हळू. "बरं झालं," ते म्हणालं. "माझी मान अवघडली होती."
गाढव घाट उतरलं तीळ घेऊन. घाट चढलं खोबरं घेऊन. खडप खडप, खडप खडप. नाक्यावर कुणी थांबवलं नाही.
गाढवाने गोणी आणली. भरून आणली.
वाण्याने वाटी दिली. अख्खी वाटी. गोल, पांढरी, झुबकीएवढी. गाढवानेच ती सावरीखाली पोचवली.

"एक शेंग कमी आहे," साळू वाणी म्हणाला. "पण असू दे."

"ती तुम्हीच खाल्लीत," झुबकी म्हणाली.

उष्टावणीला सगळे आले. रेडा झाडावर चढू शकला नाही, म्हणून खालीच उभा राहिला. सगळ्या पिल्लांना एकेक घास मिळाला. तित्तीरआजीने दोन घेतले. "चांगलं लागतं की," ती म्हणाली. तिने आजवर कधी खाल्लंच नव्हतं.

मग गोंडूची पाळी. गोंडूने तोंड उघडलं. आ.

झुबकीने घास भरवला.

गोंडूने चावलं. चप चप चप. सगळे बघत राहिले. गोंडूने गिळलं. गुलाबी नाक पुसलं. आणि पहिल्यांदाच बोलला.

"अजून."