सामाच्या उंबऱ्यावरचा दोर

तुम्ही सांगितलेले नसताना, तुम्हाला ठाऊकही नसताना, केवळ तुमच्यासाठी म्हणून कोणी दुसऱ्याच्या जमिनीतले झाड तोडले, तर त्याचा दोष कोणाच्या वाट्याला यावा?

हा प्रश्न एकदा जेतवनात निघाला होता. उत्तिय नावाचे स्थविर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, जवळच्या टेकडीवर एका गुहेत राहत. त्यांच्या दर्शनासाठी पुष्कळ लोक टेकडी चढून येत. चढणाऱ्यांना वाट सोपी व्हावी म्हणून एका उपासकाने सोमिल माळ्याच्या जमिनीतली आंब्याची चार झाडे त्याला न विचारताच तोडली. माळी रडत आला, तेव्हा उत्तिय म्हणाले, "मी तोडायला सांगितले नव्हते," आणि पुन्हा ध्यानाला बसले. शास्त्यांच्या, म्हणजे भगवंतांच्या, कानी हे गेले. त्यांनी उत्तियांना बोलावून घेतले आणि म्हणाले, "एका जन्मी माझ्यासाठीही कोणी अशीच झाडे तोडली होती." मग त्यांनी ही गोष्ट सांगितली.

पूर्वी विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगराळ मुलखात, मध काढणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. तो त्यांचा नाईक होता. गावामागे एक उभा कडा होता आणि कड्यावर आग्या मोहोळे लोंबत असत. नाईक दोराला लटकून ती काढी. वसंतात नगरातले लोक हे पाहायला येत आणि त्यांच्यातली तरुण मंडळी स्वतःही कडा चढून बघत.

त्या लोकांत एक रीत होती. चढणाऱ्याचा दोर वर त्याच्या बायकोचा भाऊ धरीत असे. बहिणीचे कुंकू आपल्या हातात आहे, हे कळणारा हात सहसा सुटत नाही. नाईकाचा दोर त्याचा मेहुणा कुलिक धरी. सोळा वर्षांत त्याचा हात एकदाही ढिला पडला नव्हता.

कड्याच्या पायथ्याशी सामा नावाच्या विधवेची जमीन होती. तिचा नवरा अंगणात बसलेला असताना वरून सुटलेला धोंडा लागून गेला होता. त्यानंतर सामाने घर आणि कडा यांच्यामध्ये करंजाची अकरा झाडे लावली. पहिली दोन वर्षे ती ओढ्यावरून घड्याने पाणी आणून घालत होती. आता बारा वर्षांनी ती झाडे धोंडे अडवण्याइतकी जाड झाली होती.

एका वर्षी राजाने निरोप पाठवला. तो स्वतः नाईकाचे चढणे पाहायला येणार होता, आणि नाईक शेंड्याच्या मोहोळापर्यंत पोहोचला तर डोंगराचा सारा मध कायमचा गावाचा होणार होता. तोवर अर्धा मध राजवाड्यात जाई. गाव आनंदात होते.

राजाचा मंडप ओढ्यापलीकडे उभा राहिला. सामा दोन दिवस लेकीकडे गेली होती. ती परतली त्या दुपारी राजा यायचा होता. दोर तपासायला नाईक पायथ्याशी आला आणि थबकला. अकराच्या अकरा करंज आडवे पडले होते. बुंध्यांपाशी कुलिक कुऱ्हाड पुसत बसला होता.

"दाजी, आता मंडपातून पायथ्यापासून शेंड्यापर्यंत तुम्ही दिसाल," तो म्हणाला. "नाहीतर राजाला निम्मा वेळ नुसती पानंच दिसली असती."

"सामाबाईंना विचारलंस?"

"विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या."

"म्हणजे उत्तर तुला ठाऊक होतं," नाईक म्हणाला.

तेवढ्यात सामा आली. ती ओरडली नाही. एका खोडावर टेकली आणि म्हणाली, "नाईक, तुमच्या पायाखालून दगड सुटतो आणि माझ्या अंगणात येतो. तुमचा दोर धरायला तुमचा मेहुणा आहे. मला ही झाडं होती."

"मी सांगितलं नव्हतं," हे शब्द नाईकाच्या ओठांपर्यंत आले. ते खरेही होते. पण झाडे पडली होती ती त्याच्याचसाठी, आणि चढल्यावर मिळणारा मानही त्याचाच होता. त्याने ते शब्द गिळले. खांद्यावरचा दोर उतरवून तो सामाच्या उंबऱ्यावर ठेवला.

"बाई, अपराध माझ्या घराचा आहे. ही झाडं पुन्हा दगड अडवतील तेव्हा तुम्ही दोर द्या. तोवर कोणी चढणार नाही."

राजा आला. रिकामा कडा पाहून त्याने कारण विचारले. नाईकाने काहीही न झाकता सारे सांगितले.

"अकरा झाडांसाठी एवढं?" राजा म्हणाला. "मी तिला दुसरी लावून देतो. तू चढ. मी पुन्हा येणार नाही."

"महाराज, राजाच्या मनात आलं तर राजाला पुन्हा येता येतं. बारा वर्षांचं झाड मात्र कोणाच्याही हुकमाने बारा वर्षांच्या आत येत नाही. आज दगड सुटला तर तो या बाईंच्या अंगणात जाईल."

राजा निघून गेला. मध पूर्वीसारखाच अर्धा राहिला. शिवाय जवळचा कडा बंद झाल्याने लोकांना दोन कोस दूरच्या डोंगरावर जावे लागू लागले. पाणवठ्यावर बायका नाईकाच्या बायकोला म्हणत, "तुझ्या धन्याने मध सोडला, राजा घालवला. आता दोर वळून विका." कुलिक तर वर्षभर दाजींशी बोलला नाही.

पण करंज तोडला तरी बुंध्यातून फुटतो. पावसाळ्यानंतर अकरापैकी नऊ बुंधे फुटले. एके दिवशी सामाच्या शेळ्या कोंब खाताना कुलिकने पाहिल्या. त्याने त्या हाकलल्या, काट्या तोडून आणल्या आणि प्रत्येक बुंध्याभोवती कुंपण घातले. ते करायला त्याला कोणी सांगितले नव्हते. उरलेल्या दोन जागी त्याने नवी रोपे लावली आणि उन्हाळाभर ओढ्यावरून पाणी वाहिले. सामा दारातून पाहत असे. तिसऱ्या उन्हाळ्यात तिने त्याला प्रथमच ताकाचे भांडे दिले.

बारा वर्षांनी पावसात कड्यावरून एक मोठा धोंडा सुटला. गडगडत आला आणि करंजांच्या खोडांत अडकून थांबला. सामाने अंगणातून तो पाहिला. पाऊस सरल्यावर ती दोर घेऊन नाईकाच्या घरी आली. इतकी वर्षे तिने तो दर उन्हाळ्याला उन्हात घालून, तेल लावून जपला होता.

तिने दोर नाईकाला दिला नाही. कुलिकच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आजवर बहिणीसाठी धरत होतास. आता माझ्या अंगणासाठीही धर."

त्या वर्षी नाईक चढला. पायाखालचा एकही दगड सुटला नाही.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाची सामा म्हणजे आजचा सोमिल माळी. तेव्हाचा कुलिक म्हणजे झाडे तोडणारा हा उपासक. विजितसेन राजा म्हणजे तू, उत्तिय. आणि दोर उतरवून ठेवणारा नाईक मीच होतो. आपल्यासाठी कोणी दुसऱ्याचे नुकसान केले, तर ते आपलेच मानून भरून द्यावे, याला सचोटी म्हणतात."



दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तिय भिक्षेला निघाले नाहीत. पाण्याचा घडा खांद्यावर घेऊन, झाडे तोडून केलेली सोपी वाट सोडून, टेकडीमागच्या लांबच्या वाटेने ते सोमिल माळ्याच्या दारी गेले.