वर हवा छान येते

मोठ्यांना उलट विचारायचं नाही, असा आमच्या गावाचा नियम. मी तो रोज मोडायचे. पण एक भोळा सदोबा होता, तो हा नियम जसाच्या तसा पाळायचा.

गावानं दिव्यांगांसाठी कमी भाड्याच्या खोल्या बांधल्या. खालच्या खोल्यांत उत्सवाच्या कढया ठेवल्या. दिव्यांगांना वरच्या. समितीचे अध्यक्ष बापूकाका. त्यांनी सदोबाला खोल्या दाखवायच्या कामावर ठेवलं.

आधी आले झुंबरमामा. ते आंधळे. सदोबानं बोट दाखवलं, “ती बघा खोली.”

“बघता आलं असतं तर तुला विचारलं असतं का, बाबा?” म्हणत मामा व्हरांड्यातल्या कढईवर आदळले.

बापूकाका ओरडले, “गाढवा, मोठ्यानं बोलून सांगावं!”

“बरं.”

मग आल्या सुभद्राबाई. त्यांना ऐकू येत नाही. सदोबा घसा बसेपर्यंत ओरडला. बाईंनी थुंकी चुकवायला तोंडावर पदर घेतला.

बापूकाका पुन्हा ओरडले, “टोणग्या, ऐकू येत नसेल तर हात धरून न्यावं!”

“बरं.”

मग मी आले, चाकाच्या खुर्चीवरून. तालुक्याला नोकरी लागली होती. एसटी थांबा या खोल्यांसमोरच. खोली मिळाली नाही, तर नोकरी गेली. सदोबानं माझा हात धरला आणि जिन्याकडे ओढला. खुर्ची पहिल्या पायरीवर धडकली.

“काका, मला खालची खोली द्या.”

“आणि कढया काय डोक्यावर घेऊ? वर हवा छान येते, केतकी.”

“पण हा जिना?”

“पायऱ्यांचीच अडचण ना? सदोबा, काढून टाक रे तो जिना!”

मला गप्प करून समिती वर भजी खायला गेली. सदोबानं उलट विचारलं नाही. लाकडी जिना उचकटून त्यानं अंगणात आडवा टाकला.

भजी संपली. बापूकाका वरच्या दारात आले.

“अरे, जिना कुठाय?”

सदोबानं मोठ्यानं बोलून सांगितलं, “काढला!”

“मूर्खा, आम्ही उतरायचं कसं? केतकी, तू शिकलेली. त्याला एकट्याला जिना नीट लावता यायचा नाही, कसा लावायचा ते तू सांग. वरची खोली तुला फुकट!”

“नाही सांगणार. आधी खालच्या खोलीची किल्ली टाका. तोवर बसा वर, हवा छान येते.”

समिती गप्प. कुणी हूं की चूं करेना.

सदोबाला दया आली. “ऐकू येईना वाटतं बिचाऱ्यांना,” तो म्हणाला. “हात धरूनच न्यावं लागेल.”

आणि त्यानं खालूनच हात वर केला. “या!”