उरलेले तीन दात

“पण बाई, दोष कुठं आहे ते तरी सांगा.”

डॉ. निनाद सबनीस तिसऱ्यांदा विचारत होता. त्याचा शोधनिबंध टेबलावर उघडा पडला होता. पुढच्या आठवड्यात नागपूरच्या परिषदेत तो वाचायचा होता, आणि त्याआधी गुरूंची संमती हवी होती.

डॉ. सुलोचना बिडवे दंत महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर गावच्या मठातल्या एका खोलीत रुग्ण तपासत. त्यांनी शेवटचं पान पुन्हा वाचलं.

“चाळीस दात?”

“चाळीस. काढलेले. त्यांत दात भरायचं हे नवं सिमेंट घातलं, दिवसभर निळ्या रंगाच्या पाण्यात ठेवले, मग उभे कापून पाहिले. सिमेंट आणि दात यांच्यामध्ये रंग कुठंच शिरलेला नाही. इतकं घट्ट बसणारं आजवर...”

“भरलेस किती?”

“त्रेचाळीस.”

बिडवेबाईंनी पानावरच्या ‘चाळीस’वर बोट ठेवलं.

“तीन दातांत रंग पार खालपर्यंत गेला होता... माझ्याच हाताची चूक असणार. आत ओल राहिली असेल. सिमेंटचा त्यात काय दोष? म्हणून ते धरले नाहीत.”

बाहेरच्या बाकावर कोंडाबाई बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, पदर गालाशी दाबून धरलेला. बिडवेबाईंनी त्यांना आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं.

“यांच्या खालच्या दाढेला कीड लागलीय. तुझंच सिमेंट भर,” त्या निनादला म्हणाल्या. “पण आधी यांना सांग. यांची दाढ त्या चाळिसांतली, की तिघांतली?”

निनादचा हात सिमेंटच्या डबीच्या झाकणावरच राहिला.

“मागं एक दाढ भरली व्हती,” कोंडाबाई म्हणाल्या. “वरून चांगली दिसायची. आतून सडत गेली. काढावी लागली शेवटी. आता चावायला ही एकच हाय.”

...

निनाद स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसला.

“मावशी, हे सिमेंट मी त्रेचाळीस दातांत भरलं. चाळिसांत नीट बसलं. तिघांत फट राहिली. तुमच्या दाढेत काय होईल, ते आज मला सांगता येत नाही.”

कोंडाबाईंनी गालावरचा पदर बाजूला केला.

“मग भरा की. पण सावकाश भरा. मला घाई न्हाई.”

एरवी हे काम तो वीस मिनिटांत उरकायचा. आज तासाच्या वर गेला. कीड कोरून काढली. ओल दिसली की कापूस बदलला, पुन्हा वाळवलं. एकदा तर भरलेलं सगळं उकरून काढलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

बिडवेबाई खिडकीशी उभ्या होत्या. एकदाही पुढे आल्या नाहीत.

कोंडाबाई गेल्या. निनादनं हात धुतले, निबंध पुढे ओढला. ‘चाळीस’ खोडून ‘त्रेचाळीस’ लिहिलं. रंग कुठंच शिरला नाही, हे वाक्यही खोडलं; त्याजागी तीन दातांत फट राहिल्याचं लिहिलं. मग पेन हातात तसंच धरून बसून राहिला.

“बाई... त्यांच्या दाढेत फट नसेल ना राहिली?”

बिडवेबाईंनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि निबंधावर सही केली.

“हे आज पहिल्यांदा विचारलंस.”