नवा टायर जुना करणारा केरबा

एका खिंडीच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात टायर बसवणारा एकच माणूस होता. त्याचं नाव दस्तगीर. पेट्रोल पंपासमोर पत्र्याचं दुकान, दारात हवेची टाकी आणि पंक्चर तपासायला पाण्याचं घमेलं, एवढाच त्याचा पसारा. पण गावाचा त्याच्या हातावर भरवसा होता. दस्तगीरने बसवलेलं चाक खिंडीतल्या शेवटच्या वळणावरही दगा देत नाही, असं लोक म्हणत.

दस्तगीरची एक पद्धत होती. मोटरसायकलला नवा टायर बसवला की तो लगेच किल्ली देत नसे. आधी तो हँडलला एक लाल चिंधी बांधायचा. मग म्हणायचा, "नवा टायर अंगाने गुळगुळीत असतो. चार दिवस रस्त्याला घासल्याशिवाय त्याला पकड येत नाही. तोवर गाडी सावकाश चालवायची. वळणावर वाकवायची नाही. पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही. आता तुम्ही म्हणून दाखवा." भल्याभल्या मिशीवाल्यांनाही हे शाळेतल्या पोरांसारखं म्हणून दाखवावं लागे. चिंधी पाचव्या दिवशी सोडायची. ती दिसली की एसटीचा ड्रायव्हरसुद्धा जरा अंतर ठेवून गाडी काढायचा.

दुकानावर एक पाटी होती. 'ऑनलाइन मागवलेले टायर बसवून मिळणार नाहीत.' ती उगाच लावलेली नव्हती. एकदा एकाने असाच टायर मागवून आणला होता. तो गोदामात वर्षानुवर्षं पडून सुकलेला निघाला आणि आठवड्यात चिरला. विकणारा कुठे दूरच्या शहरात, हाताशी सापडला दस्तगीर. त्या माणसाने भर बाजारात त्याची गचांडी धरली. दुसऱ्या दिवशी दस्तगीरने पाटी रंगवून घेतली. वापरलेले टायर मात्र तो बसवून द्यायचा. गरिबाला तेच परवडतात, असं त्याचं म्हणणं होतं.

त्याच गावात केरबा नावाचा एक माणूस होता. त्याच्याकडे दोन म्हशी होत्या, एक मोटरसायकल होती आणि स्वतःच्या हुशारीचा अभिमान होता. हा अभिमान म्हशींपेक्षा जास्त खायचा. केरबाच्या गाडीचा पुढचा टायर पार झिजला होता. त्याने मोबाइलवर शोधून स्वस्तात नवा टायर मागवला. तीन दिवसांत टायर दारात आला. तो हातात घेतला तेव्हा कुठे केरबाला दस्तगीरची पाटी आठवली.

तालुक्याच्या गावी कुणीही टायर बसवून दिला असता. पण तिथे जाऊन यायला अर्धा दिवस मोडला असता. केरबाने डोकं लढवलं. त्याने टायरवरचा कागद खरवडून काढला. नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात, ते नखं काढायच्या कटरने एकेक करून कापले. मग टायर गोठ्यातल्या चिखलातून फिरवला, उन्हात वाळवला, वरवर झटकला आणि पुन्हा फिरवला. या सगळ्यात त्याचा अर्धा दिवस गेला. तालुक्याला जाऊन यायलाही तेवढाच लागला असता, पण हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

त्याची बायको शेवंता शेणाची पाटी घेऊन चालली होती. ती थांबली आणि म्हणाली, "अहो, जगात लोक जुन्याचं नवं करून विकतात. तुमचं काय हे उलटंच?"

"तुला नाही कळायचं त्यातलं," केरबा म्हणाला.

दुपारी तो टायर घेऊन दुकानात गेला. दस्तगीरने टायर गोल फिरवून पाहिला. "कुणाचा?"

"मेहुण्याचा. त्याने गाडी बदलली, हा काढून ठेवला होता."

"चांगला दिसतोय की. किती चाललाय?"

"महिनाभर."

दस्तगीरने अंगठा टायरवरून फिरवला. त्याला काहीतरी खटकलं असावं. "रस्त्यावर चाललाय ना पण, केरबा?"

"म्हणजे काय! रोज खिंड चढायचा आणि उतरायचा," केरबा म्हणाला. एका खोट्याला दुसरं जोडलं की ते पक्कं होतं, असं त्याला वाटत असे.

वीस वर्षांच्या ओळखीतला माणूस. दस्तगीरने मान डोलावली आणि कामाला लागला. त्याने रिम घासून साफ केली, साबणाचं पाणी लावलं, टायर चढवला, हवा मोजून भरली आणि चाक तीनदा फिरवून पाहिलं. कामात कसूर म्हणून केली नाही. सवयीने त्याचा हात चिंध्यांच्या डब्याकडे गेला. मग टायर जुना आहे हे आठवून त्याने हात मागे घेतला. किल्ली केरबाला देऊन टाकली.

त्यानंतरच्या रविवारी खिंडीपलीकडच्या गावात शेवंताच्या भाचीचं बारसं होतं. तोवर गाडी जेमतेम डेअरीपर्यंत गेली होती. केरबा शेवंताला मागे बसवून निघाला. चढताना सावकाश जावंच लागतं, त्यामुळे काही झालं नाही. उतरताना मात्र केरबा नेहमीच्या वेगात होता. चौथ्या वळणावर त्याने नेहमीसारखी गाडी वाकवली आणि पुढचं चाक सपकन सरकलं. रस्ता कोरडा होता. वाळू नव्हती, आडवं कुत्रं आलं नव्हतं. दोघं डोंगराच्या बाजूला फेकले गेले. दुसरी बाजू दरीची होती. केरबाचं कोपर सोललं. शेवंताचं उजवं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दुधाच्या रांगेत हाच विषय होता. गावाचं मत तिथेच तयार होतं, दुधाबरोबर.

"रस्ता कोरडा होता म्हणतात. मग गाडी घसरलीच कशी?"

"पुढचं चाक परवाच दस्तगीरने उघडलं होतं की."

"वय झालं त्याचं. हात थकला," रांगेतले बळवंतराव म्हणाले.

सगळ्यांनी केरबाकडे पाहिलं. त्याने एक वाक्य बोलायचं होतं. तो कॅनचं झाकण चाचपत म्हणाला, "काय सांगायचं! आमचं नशीब." लोकांनी त्यातून घ्यायचं ते घेतलं. दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली.

तिसऱ्या प्रहरी दस्तगीर हत्यारांची पिशवी घेऊन केरबाच्या घरी आला. आधी त्याने शेवंताची विचारपूस केली. मग अंगणात बसून पुढचं चाक उघडलं. आस पाहिला, बेअरिंग पाहिलं, रिम फिरवली, ट्यूब पाण्यात बुडवली. कुठेच काही सापडेना. त्याने सगळं पुन्हा जोडलं आणि तिथेच बसून राहिला.

"केरबा, मला चूक सापडत नाही," तो म्हणाला. "म्हणजे चूक झालीच नाही, असं नाही. मला ती दिसत नाही. ज्याला आपली चूक दिसत नाही, त्याने पुढच्या चाकाला हात लावू नये."

मग तो शेवंतापुढे हात जोडून उभा राहिला. "वहिनी, माफ करा."

शेवंताने नवऱ्याकडे पाहिलं. केरबाने म्हशीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून दस्तगीर फक्त पंक्चर काढू लागला. चाकाचं काम घेऊन कुणी आलं की तो त्याला तालुक्याला पाठवायचा. "माझा मलाच भरवसा राहिला नाही," असं सरळ सांगायचा. हळूहळू पंक्चरवालेही येईनासे झाले. हवेच्या टाकीवर धूळ बसली.

इकडे केरबाचीही दैना झाली. म्हशींना शेवंताच्या हाताची सवय होती. केरबा धारेला बसला की एक म्हैस पान्हाच सोडायची नाही आणि दुसरी बादली लाथाडायची. शेवंता गळ्यात हात अडकवून बाजूला उभी राहायची आणि एक शब्द बोलायची नाही. आठ दिवस हे असं चाललं.

आठव्या दिवशी केरबा डेअरीवरून आला आणि आपणहून म्हणाला, "दस्तगीरच्या दुकानात चिटपाखरू नाही गं."

शेवंता याचीच वाट बघत होती. "माझं हाड दीड महिन्यात जुळेल. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय," ती म्हणाली. "त्या माणसाचं जे मोडलंय, ते कुठल्या डॉक्टरने जुळवायचं? गोठ्यात काय चाललं होतं, ते मी बघितलंय. मी गावाला कधीच सांगितलं असतं. पण ते तुमच्या तोंडून जायला पाहिजे, म्हणून गिळून बसले आहे."

केरबाला लाज वाटली. आजवर पकडलं जाण्याच्या भीतीलाच तो लाज समजत होता. ही खरी होती. तो जेवण तसंच टाकून उठला आणि गाडी घेऊन निघाला.

दस्तगीर दुकानात रिकामा बसला होता. केरबाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मोबाइल, कटर, चिखल, मेहुणा, सगळं.

"एक दिवससुद्धा चाललेला नव्हता?" दस्तगीरने विचारलं.

"एक पाऊलसुद्धा नाही."

दस्तगीर ताडकन उठला. "आठ दिवस मी या हातांकडे बघत बसलोय, केरबा! तीस वर्षं चाललेले हात! आणि वहिनी दरीकडे पडल्या असत्या म्हणजे? मी तुम्हाला सरळ विचारलं होतं की नाही, टायर चाललाय का म्हणून?"

"विचारलं होतं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही परत पाठवलं असतं, म्हणून..."

"पाठवलंच असतं! चार शब्द सुनावले असते. पण पाठवतानाही बोललो असतो, की बाबा, नवा आहे, चार दिवस जपून. तेवढ्याने वहिनींचा हात वाचला असता."

केरबा मान खाली घालून उभा राहिला. दस्तगीर बराच वेळ येरझाऱ्या घालत होता. मग त्याची नजर पाटीवर गेली आणि तो थांबला.

"खोटं तुमचंच आहे. त्यात मी वाटेकरी नाही," तो म्हणाला. "पण अशी पाटी लावली की माणसं खरं दाराबाहेर ठेवून आत येतात. हे मला समजायला पाहिजे होतं." त्याने स्टूल ओढलं, वर चढला आणि पाटी उतरवून भिंतीला उलटी टेकवली.

केरबा अजून गेला नव्हता. "भाई, एक लाल चिंधी बांधा," तो म्हणाला.

"आता? टायर नवा होता तेव्हा जुना म्हणून आणलात. आता घासून जुना झाला, तर चिंधी मागताय?"

"चिंधी दिसली की लोक विचारतील. विचारलं की सांगावं लागेल. नुसतं ठरवून माझ्याकडून होणार नाही. मी मला ओळखतो."

दस्तगीरने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग डब्यातून चिंधी काढली आणि हँडलला बांधली. एक गाठ मारली आणि वरून दुसरीही मारली. गाडीची किल्ली मात्र त्याने काढून मुठीत धरून ठेवली. "म्हणून दाखवा," तो म्हणाला.

"सावकाश चालवायची. वळणावर वाकवायची नाही. पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही," केरबा म्हणाला. मग किल्ली मिळाली.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर बळवंतरावांनीच आधी विचारलं, "काय केरबा, आता नवा टायर?" केरबा कॅनचं झाकण चाचपू लागला. पण चिंधी समोर फडफडत होती. त्याने सगळी गोष्ट सांगितली. कटरने केस कापल्याचं ऐकून रांग खोखो हसली. मेहुण्याचं ऐकून आणखी हसली. दस्तगीर अंगणात हात जोडून उभा राहिला, हे ऐकल्यावर कुणी हसलं नाही. बळवंतराव कॅन उचलून पुढे सरकले. त्याच दुपारी ते आपल्या गाडीचं पुढचं चाक घेऊन दस्तगीरच्या दुकानात गेले आणि बाकावर बसून राहिले. दस्तगीरने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या हातात घेतल्या.

पाचव्या दिवशी केरबा चिंधी सोडायला गेला, तर शेवंता म्हणाली, "माझं प्लास्टर निघेपर्यंत ती सुटणार नाही." मग महिनाभर ती तशीच राहिली. केरबाने ती गोष्ट पेट्रोल पंपावर सांगितली, पिठाच्या गिरणीत सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली. मेहुण्यालाही सांगावी लागली. सुरुवातीला ती सांगताना त्याचे कान लाल व्हायचे. पुढे पुढे त्याला एवढंच वाटायचं, की पहिल्या दिवशी रांगेत बोललो असतो तर एकदाच बोलावं लागलं असतं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी दवाखान्यातून दोघं परस्पर दस्तगीरच्या दुकानात गेले. दारात तीन गाड्या उभ्या होत्या. भिंतीवर नवी पाटी होती. 'टायर कुठूनही आणा. कुठून आणला ते खरं सांगा. सुकलेला निघाला तर तोंडावर सांगण्यात येईल.' केरबा चिंधी सोडू लागला, पण उन्हापावसाने गाठी आवळल्या होत्या. त्याला काही त्या सुटेनात.

"सरका," शेवंता म्हणाली. तिने उजवा हात पुढे केला. बोटं अजून आखडलेली होती. दस्तगीर हातातलं काम सोडून बघत उभा राहिला. तिने एक गाठ सोडवली, दुसरी सोडवली आणि चिंधी त्याच्या हातात दिली.

"घ्या भाई," ती म्हणाली. "आपल्या दोघांचेही हात चालायला लागले."

तात्पर्य: ज्याच्या हातात आपला जीव सोपवायचा, त्याच्यापासून खरं लपवू नये, आणि आपल्या लबाडीचा ठपका दुसऱ्यावर येताना दिसला, तर पहिल्याच दिवशी तोंड उघडावं.